परतलेल्या स्वयंसेवकांसाठीचे मातीकाम : सात महिन्यांचा अनुभव

मदतछावणीतले पाणीवाटपाचे काम संपवून परतल्यावर मी स्वयंसेवकांसाठीच्या मातीकामाच्या वर्गात नाव नोंदवले, त्याला सात महिने झाले. आठवड्यातून एकदा दोन तास, सहा जणांचा गट, कुंभारकाम शिकवणाऱ्या एक बाई आणि एक समुपदेशक, अशी त्याची रचना आहे.

मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे तेथे ‘काय पाहिलेस ते सांग’ असे कोणीही म्हणत नाही. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी, परतल्यावर तिसऱ्याच दिवशी, मला सारे एका बैठकीत सांगायला लावले होते आणि त्यानंतर कित्येक रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आघातानंतर अशी उजळणी करून घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मार्गदर्शन आहे, हे मला नंतर कळले.

पहिले दोन महिने माती मळण्यात आणि चाकावर गोळा मध्यावर आणण्यातच गेले. मनात घाई असली की गोळा डगमगतो. कोपर मांडीला टेकवून दोन्ही तळव्यांचा दाब सारखा ठेवला, तरच तो हाताखाली शांत फिरू लागतो. छावणीतून आल्यापासून माझे हात पहिल्यांदा स्थिर झाले ते तेथे.

तिसऱ्या महिन्यात मी मापे काढून बरोबर एक लिटरचा लोटा घडवला. वाळून, सुमारे 1000 अंश सेल्सिअसला एकदा आणि चकाकीचा लेप दिल्यावर त्याहून जास्त आचेवर पुन्हा भाजून तो हाती आला, तेव्हा त्यात जेमतेम 700 मिलिलिटर पाणी मावले. बाईंनी समजावले की ही माती लांबी, रुंदी आणि उंची अशा प्रत्येक मापात 11-12 टक्के आटते, म्हणजे मावणारे पाणी जवळपास एक तृतीयांशाने घटते. मला एकदम रडू फुटले. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी हे स्फिअरचे, म्हणजे मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांचे, मानक आम्हाला तोंडपाठ होते, आणि कित्येक दिवस त्याच्या निम्मेही न देता टाकीचा नळ मीच बंद करत होते. हे मी तोवर घरीही बोलले नव्हते. सगळे ऐकून घेतल्यावर बाईंनी एवढेच विचारले, “मग पुढचा लोटा केवढा करायचा?”

उणिवाही आहेत. भट्टी तीन आठवड्यांतून एकदाच लागते, आणि एकदा ओल राहिलेले एक भांडे आत फुटून शेजारची दोन गेली. नुकत्याच परतलेल्या माणसाला तेवढे नुकसानही जड जाते. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला हवी. तशी ती पुसली जावी म्हणून आम्हाला दोनदा सांगावे लागले. शिवाय वाईट स्वप्ने मातीने थांबली नाहीत, त्यांसाठी मी वेगळे उपचार घेतले आणि अजूनही घेते आहे. नाव नोंदवण्यापूर्वी समुपदेशक प्रत्येक सत्राला हजर असतो का, हे मात्र नक्की विचारून घ्यावे.