साताऱ्यातला एक लहान दवाखाना: गोळ्यांनी गर्भपाताचा माझा अनुभव

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच अडवलं. "मिस्टरांची सही लागेल." मिस्टर ट्रक घेऊन गुजरातेत, धाकटा दीड वर्षाचा, अजून अंगावर पिणारा, आणि पाळी चुकून बारा दिवस झालेले. तशीच परत फिरले.

जाऊबाईंनी मग दुसरा दवाखाना सांगितला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अठरा पूर्ण आहेत ना? मग फक्त तुमची सही." कायदा १९७१ पासून हेच सांगतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालंय की नाही याने अडत नाही, हेही सांगितलं. मला खुर्चीतच रडू आलं. त्यांनी घाई केली नाही.

आधी सोनोग्राफी केली. गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत नाही ना, हे बघायला. नळीत असेल तर या गोळ्यांनी काम होत नाही आणि जिवावर बेततं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका, ते यासाठीच. मग हिमोग्लोबिन, रक्तगट. नऊ आठवड्यांच्या आतच गोळ्या देतात. माझे सहा भरत आले होते. मिफेप्रिस्टोनची एक गोळी त्यांच्यासमोर घेतली. मिसोप्रोस्टॉलच्या चार दोन दिवसांनी घरी. दूध तोडायची गरज नाही म्हणाल्या.

रविवारी दुपारी दोनला दोन्ही गालांत दोन-दोन धरल्या, अर्ध्या तासाने उरलेलं पाण्याबरोबर गिळलं. थंडी वाजली, एकदा जुलाब झाला, आणि साडेचारला कळा सुरू. दुखण्याची गोळी, गरम पाण्याची पिशवी, जाऊबाई पाठ चोळत बसलेल्या. लिंबाएवढी गाठ पडली तेव्हा घाबरले. पण उशाशी मॅडमच्या हातचा कागद होता: सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले तर लगेच निघायचं, ताप आला, घाण वास आला तरी फोन करायचा. मी घड्याळाकडे बघत पॅड मोजले. पहिल्या तासाला एक, दुसऱ्या तासाला अर्धं. त्या कागदामुळे रात्र निभावली.

अंगावरून तेरा दिवस जात होतं. पंधराव्या दिवशी तपासून पिशवी साफ झाल्याचं सांगितलं. कॉपर टीची माहिती दिली, बसवाच असा हट्ट नाही. सगळे मिळून ३,२०० रुपये लागले.

अर्धा स्टार कापते तो बाहेरच्या काउंटरसाठी. भरल्या बाकड्यांसमोर "कशासाठी आलात?" असं मोठ्याने विचारतात. तुम्ही नुसतं "मॅडमशी बोलायचंय" म्हणा, तेवढं चालतं.