कांदा चाळीचा धंदा आणि एंजल गुंतवणूकदाराचा पैसा: वर्षभरानंतर

अंबड एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. कांदा चाळीत बसवायचं उपकरण आम्ही बनवतो. ते चाळीतलं तापमान, आर्द्रता आणि कांदा सडायला लागला की सुटणारा वायू मोजतं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा पाठवतं. आधी सगळं कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावर, चालायचं. गेल्या वर्षी पहिल्यांदाच एंजल गुंतवणूकदाराकडून, म्हणजे नव्या कंपनीत स्वतःचा पैसा लावणाऱ्या व्यक्तीकडून, शेअर देऊन भांडवल घेतलं. नाशकात बरेच जण याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे हप्ता नाही आणि घर तारण नाही. उपकरणाचे नमुने फेल जात असताना महिन्याच्या व्याजाची धास्ती नसणं याची किंमत ज्याने बँकेचं कर्ज काढलंय त्यालाच कळेल. शिवाय आमच्या गुंतवणूकदाराने सर्किट बोर्डचा चांगला पुरवठादार गाठून दिला. ते काम आम्हाला इथे बसून जमलं नसतं.

पैसा खात्यात आला म्हणजे वापरायला मिळाला असं मात्र नाही. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे तो वेगळ्या खात्यात राहतो. ६० दिवसांत शेअर वाटप करायचं, मग त्या वाटपाची माहिती सरकारला देणारा पास-३ फॉर्म भरायचा, तोपर्यंत त्याला हात लावता येत नाही. पगाराची तारीख धरून बसलेल्यांनी हे आधीच हिशेबात घ्यावं. एंजल टॅक्सची (शेअरच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त मिळालेल्या रकमेवर कंपनीला लागणाऱ्या कराची) कटकट मात्र २०२४ च्या अर्थसंकल्पाने संपवली, हे फार बरं झालं.

आता टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा. सगळे व्हॅल्युएशनवर (कंपनीची किंमत किती धरायची यावर) घासाघीस करतात, पण माझ्या मते जास्त वेळ लिक्विडेशन प्रेफरन्सला, म्हणजे कंपनी विकली गेली तर आधी कोणाला किती मिळणार या अटीला, द्यावा. समजा, १ कोटी घेऊन २० टक्के दिले आणि पुढे कंपनी २ कोटींनाच विकली गेली. साध्या वन-एक्स (गुंतवला तेवढाच पैसा आधी परत) अटीत गुंतवणूकदार आपला १ कोटी घेतो आणि उरलेला १ कोटी बाकीच्यांचा. त्याच अटीत 'पार्टिसिपेटिंग' शब्द असेल तर तो आधी १ कोटी घेतो आणि उरलेल्यातले २० टक्के, म्हणजे आणखी २० लाख, वर घेतो. फरक एका शब्दाचा. आमच्या मसुद्यात तो होता. आमच्या वकील मॅडमनी तो काढायला लावला आणि समोरच्यांनीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. ईसॉपचा (कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या शेअरचा) हिस्सा नव्या गुंतवणुकीच्या आधी काढायचा की नंतर, हेही विचारून घ्या. आधी काढला तर तो पूर्ण जुन्या भागधारकांच्या वाट्यातून जातो.

खरी अडचण वेळेची. व्हेंचर फंडाची, म्हणजे इतरांचा पैसा गोळा करून नव्या कंपन्यांत लावणाऱ्या निधीची, मुदत साधारण दहा वर्षांची. त्यातच पैसे लावून, वाढवून परत करायचे असतात, म्हणून दर महिन्याला वाढ दिसावी अशी अपेक्षा. आमच्या गुंतवणूकदाराची नजरही पुढच्या राउंडवर (भांडवल उभारणीच्या पुढच्या फेरीवर), त्यामुळे त्यालाही तोच आलेख हवा. उन्हाळी कांदा मात्र मार्च ते मे दरम्यान निघतो, चाळीत जातो आणि पावसाळाभर टिकला की सडला ते दिवाळीच्या सुमारास कळतं. आमच्या उपकरणाची परीक्षा वर्षातून एकदाच. निफाडकडचे एक शेतकरी म्हणाले, "भाऊ, एक हंगाम बघू द्या, मग सांगतो." मला ते शंभर टक्के पटलं. महिन्याच्या रिपोर्टमध्ये हे वाक्य कुठे बसवायचं, हे मात्र आजही सुटलेलं नाही. जून-जुलैत विक्रीचा आकडा सपाट दिसला की फोन सुरू होतात आणि मन कामातून उडतं.

शेतीत बाहेरचं भांडवल चालत नाही असं मी म्हणणार नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपातल्या संस्थांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. एफएमओ आणि प्रोपार्को तर विकासासाठी दीर्घकाळ पैसा लावणाऱ्या वित्तसंस्था. शेतकऱ्यांची कंपनी आधी दशकभर स्वतःच्या पायावर उभी राहिली, मग हे भांडवल आलं. माझ्या दृष्टीने नाशिकच्या धंद्यांनी अभ्यासावा असा क्रम हाच.

म्हणून ज्यांचं सॉफ्टवेअर महिन्याला विकलं जातं त्यांनी हा पैसा जरूर घ्यावा. ज्यांचा माल हंगामावर ठरतो त्यांनी आधी बीज निधी, म्हणजे सुरुवातीच्या कामासाठी मिळणारा पैसा, बघावा. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत नमुना सिद्ध करायला इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत) २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती आणि त्यात शेअर द्यावे लागत नव्हते. फक्त अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती. आता अर्ज घेतात का, ते आधी तपासून घ्या.

आम्ही पुढच्या राउंडची बोलणी सुरू केली आहेत. त्यात कामगिरीचा आढावा दर तिमाहीऐवजी वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, चाळी रिकाम्या झाल्यावर घ्यावा अशी अट आम्ही मांडली आहे. दोघांनी नकार दिला, एकाशी बोलणं चालू आहे.