दुकानाच्या नावाचे व्हॅनिला योगर्ट: चवीची पारख

वर्ध्यातल्या एका मोठ्या किराणा दुकानाने स्वतःच्या नावाने विकायला ठेवलेले व्हॅनिला योगर्ट आता आर्वी तालुक्यातल्या खेड्यांतही दिसू लागले आहे. नामांकित कंपनीच्या डबीपेक्षा ते स्वस्त आहे, म्हणून शहरात खरेदीला गेलेली माणसे ते घेऊन येतात. पुढे मुले मागतात म्हणून पुन्हा आणतात. गवळाऊ गाईच्या दुधाचे घरी विरजलेले दही या भागात रोजच्या ताटात असते, त्यामुळे इथल्या माणसाची जीभ दह्याच्या बाबतीत सहज समाधान मानत नाही. अशा जिभेला हे योगर्ट कसे लागते, ते पाहावे म्हणून घरातल्या लहानथोरांनी मिळून ते नीट चाखले. जेवणानंतरचे गोड म्हणून ते चांगले आहे, पण त्यातली साखर गरजेपेक्षा बरीच जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत झाले.

यातली सर्वांत जमलेली गोष्ट म्हणजे त्याचा पोत. झाकण काढल्यावर वर पाणी सुटलेले नव्हते, चमचा घातल्यावर कड स्वच्छ कापली गेली आणि तोंडात कुठेही रवाळपणा जाणवला नाही. मातीच्या गाडग्यात दही घट्ट होते, कारण गाडगे जास्तीचे पाणी शोषून घेते. इथे तो घट्टपणा दुधाची भुकटी, सुधारित स्टार्च आणि पेक्टिन यांनी आणला आहे, हे वेष्टनावरच्या घटकांच्या यादीतून कळते. पेक्टिन फळांपासून काढतात आणि वेष्टनावर हिरवा ठिपका आहे, त्यामुळे प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनची शंका असणाऱ्या शाकाहारी घरांना काळजीचे कारण नाही. स्टार्चची एक खूण मात्र लपत नाही. घास गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला पिठूळ थर राहतो, आणि घरच्या दह्याची सवय असलेल्या मोठ्या माणसांनी तो लगेच ओळखला.

चव पाहताना योगर्ट किती गार आहे, याला फार महत्त्व आहे. अतिशय थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो आणि त्याचा सुगंधही दबलेला राहतो. म्हणून फ्रीजमधून काढल्याबरोबर खाल्लेले हे योगर्ट समतोल वाटते, आंबटपणाही छान पुढे येतो. तीच डबी थोडा वेळ बाहेर ठेवून खाल्ली, की गोडवा वर चढतो आणि आंबटपणा त्याच्याखाली दडतो. मार्च सरता सरता दुपारचा पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा खाता खाताच हा बदल होतो. त्यामुळे खाणाऱ्याने डबी उघडल्यावर रेंगाळू नये.

व्हॅनिलाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण डबीच्या दर्शनी भागावर व्हॅनिलाच्या फुलाचे आणि शेंगांचे चित्र आहे, तर मागे बारीक अक्षरांत निसर्गसदृश, म्हणजे नैसर्गिक स्वादासारखाच पण कृत्रिमरीत्या बनवलेला, स्वाद घातल्याचा उल्लेख आहे. खरा व्हॅनिला एका ऑर्किडवर्गीय वेलीच्या शेंगेतून मिळतो. त्या वेलीच्या फुलांचे परागीभवन बहुतेक ठिकाणी हाताने करावे लागते आणि शेंगा पिकवायला अनेक महिने जातात, म्हणून तो महाग असतो. त्यातला मुख्य सुगंधी घटक व्हॅनिलिन. तो १८७४ साली जर्मनीत कृत्रिमरीत्या तयार करण्यात आला आणि स्वस्त पदार्थांत आज बहुधा तोच असतो. शेंगेत त्याच्याखेरीज इतर अनेक सुगंधी द्रव्ये असल्यामुळे तिचा वास खोल आणि पालटत जाणारा असतो. या योगर्टचा वास मात्र एकाच सुराचा, लग्नाच्या पंगतीतल्या कस्टर्डसारखा आहे. तो वाईट नाही, मुलांना तर तोच आवडला. परंतु चित्रातल्या शेंगा डबीत नाहीत, हे ग्राहकाला ठाऊक असले पाहिजे.

साखरेचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. वेष्टनावर १०० ग्रॅममागे एकूण साखर सुमारे १४ ग्रॅम लिहिली आहे. साध्या योगर्टमध्ये दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, साधारण ४ ते ५ ग्रॅम असते, तेव्हा उरलेली ९ ते १० ग्रॅम वरून घातलेली आहे. म्हणजेच १०० ग्रॅम योगर्टमध्ये चहाचे दोन चमचे साखर. दिवसभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी वरच्या साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी ठेवावा आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत आणावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. प्रौढ माणसासाठी ही ५ टक्क्यांची मर्यादा सुमारे २५ ग्रॅम भरते आणि लहान मुलासाठी त्याहून कमी. दही पौष्टिक म्हणून जी आई मुलाला रोज ही डबी देते, तिने हा हिशेब एकदा अवश्य करावा. दुकानदारांनी साखर निम्म्यावर आणली, तरी चव बिघडणार नाही. उलट आंबटपणा अधिक खुलेल.

यातले जिवाणू जिवंत आहेत का, हे पाहण्यासाठी एक चमचा योगर्ट कोमट दुधात घालून भांडे गोधडीत गुंडाळून ठेवले. दही व्यवस्थित लागले, सौम्य आणि गुळगुळीत. योगर्टमधील जिवाणूंना ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते, तर घरच्या विरजणातले बरेच जिवाणू २५ ते ३० अंशांतही काम करतात. म्हणून दूध नेहमीपेक्षा थोडे अधिक गरम घ्यावे आणि भांडे उबेत राहील, अशी व्यवस्था करावी. कढीसाठी मात्र या दह्याला पुरेसा आंबटपणा येत नाही.

खेड्यातल्या ग्राहकाची खरी अडचण वाटेत आहे. दुकानाच्या शीतकपाटातून निघालेली डबी एसटीच्या प्रवासात तापते आणि घरी भारनियमन असले, की फ्रीजचाही भरवसा राहत नाही. खरेदीत ती सर्वांत शेवटी घ्यावी, ओल्या जाड फडक्यात गुंडाळून आणावी, आणि वरचे झाकण फुगलेले दिसल्यास खाऊ नये, कारण आत यीस्ट वाढून वायू तयार झाल्याची ती खूण असते.

घरात आणलेच असेल, तर मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या, संत्र्याच्या फोडी पापुद्रा सोलून त्यात घालाव्यात. संत्र्याचा आंबटपणा साखरेला आवर घालतो आणि व्हॅनिलाचा एकसुरी वासही सुसह्य होतो. फोडी घातल्यावर लगेच खावे, कारण वेळ गेला की रस सुटून योगर्ट पातळ होते आणि त्यात कडवटपणा उतरतो.