कॉमर्सवाल्यांनी मटेरियल्स सायन्सचा पेपर घ्यावा का? माझा एका सेमचा अनुभव

मी बडोद्यात एसवाय बीकॉमला आहे, अकरावीपासून कॉमर्स, म्हणजे केमिस्ट्रीचं पुस्तक शेवटचं दहावीत उघडलेलं. नवीन शिक्षण धोरणामुळे आम्हाला दुसऱ्या शाखेचा एक पेपर घ्यावाच लागतो आणि त्या यादीत योगा, टुरिझम वगैरेच्या खाली हे नाव होतं, मटेरियल्स सायन्सची ओळख, म्हणजे धातू, प्लास्टिक वगैरे पदार्थ आतून कसे असतात आणि म्हणून कसे वागतात ते. आमच्या वर्गातून फक्त चौघांनी घेतलं. आता ज्युनियर्सचे रोज मेसेज येतात की ताई घेऊ का, तर एकदाच सगळं नीट लिहून टाकते. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत.

आधी उत्तर देते. घ्या, पण लॅब असेल तरच घ्या. नुसत्या वर्गात बसून शिकवणार असतील तर बाहेरच्या शाखेच्या मुलांसाठी हा पेपर फार कोरडा जाईल, हे मी सेमचे पहिले तीन आठवडे काढल्यावर खात्रीने सांगते.

पहिल्या तीन आठवड्यात स्फटिकांची रचना असते. म्हणजे धातूच्या आत अणू कसे रचलेले असतात ते. सुरुवात छान झाली, मॅडमनी सांगितलं की खंडेराव मार्केटला फळवाला संत्री कशी रचतो ते आठवा, खालच्या थरातल्या खळग्यात वरचं संत्रं बसतं, तसे तांबं, अॅल्युमिनियम, सोनं यांचे अणू बसलेले असतात आणि जागा ७४ टक्के भरते. लोखंड मात्र घरातल्या तापमानाला वेगळ्या पद्धतीने रचलेलं असतं, ६८ टक्केच भरतं, आणि ९१२ डिग्रीच्या वर तापवलं की तेच लोखंड आपली रचना बदलून संत्र्यांच्या राशीसारखं होतं. घन असतानाच, वितळायच्या कितीतरी आधी! हे ऐकून मी थक्क झाले कारण मला वाटायचं पदार्थ बदलतो म्हणजे वितळतो किंवा वाफ होतो, मध्ये काही नसतं.

पण त्यानंतर लगेच मिलर इंडायसेस आले, म्हणजे स्फटिकातल्या प्रत्येक प्लेनला, सपाट पातळीला, ओळखायचे आकडे, आणि वर्ग अर्धा झाला. कुठल्या अक्षाला प्लेन कुठे छेदतं, त्याचे उलटे आकडे घ्या, छेद काढा, कंसात लिहा. करायला अवघड नाहीये, पण का करायचं ते कोणी सांगितलं नाही. आर्ट्सच्या दोन मुली इथेच पेपर बदलून गेल्या. माझा सल्ला असा की हा भाग आला की घाबरून सोडू नका, कागदाचा एक डबा बनवा, त्यावर स्केचपेनने प्लेन काढा, माझं त्या डब्यामुळे एका दुपारीत झालं.

चौथ्या आठवड्यात गाडी रुळावर आली. विषय होता धातू वाकतो कसा. अणूंच्या ओळींमध्ये एखादी ओळ अर्धवट राहिलेली असते, त्याला डिस्लोकेशन म्हणतात, आणि धातू वाकतो तेव्हा सगळे अणू एकदम सरकत नाहीत, तर ती चूक एक एक पाऊल पुढे सरकते. मॅडमनी टेबलावरच्या कापडाला एका टोकाला सुरकुती पाडली आणि ती ढकलत दुसऱ्या टोकाला नेली, कापड सरकलं आणि जोर काहीच लागला नाही. हे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं काम करून मांडलं. मग मॅडमनी विचारलं, चोवीस कॅरेटच्या बांगड्या सोनार का करत नाही? शुद्ध सोन्यात या सुरकुत्या बिनधास्त फिरतात म्हणून ते मऊ. बावीस कॅरेटमध्ये म्हणजे ९१६ मध्ये तांबं चांदी मिसळलेली असते, त्या अणूंचा आकार किंवा स्वभाव वेगळा असल्याने सुरकुती अडते, म्हणून दागिना कडक होतो. घरी येऊन मी आजीच्या पाटल्या हातात घेऊन बघत बसले. पाटल्या रोजच्याच आहेत, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या आतलं काहीतरी माहीत होतं.

आता कॉमर्सवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. फेज डायग्रॅम, म्हणजे कुठलं मिश्रण किती तापमानाला घन असतं आणि किती तापमानाला द्रव त्याचा नकाशा, या धड्याला सगळे घाबरतात, सीनियर्स पण घाबरवतात, पण तो तुमचाच धडा आहे. कथील २३२ डिग्रीला वितळतं, शिसं ३२७ ला, आणि दोन्ही बरोबर प्रमाणात मिसळले, साधारण ६२ टक्के कथील, तर मिश्रण १८३ लाच वितळतं. दोघांपेक्षाही खाली! रेडिओ टीव्ही दुरुस्तीवाल्यांची सोल्डरची तार हेच मिश्रण. आमच्या घरी उन्हाळ्यात संच्यात आइस्क्रीम करायचे तेव्हा बर्फात खडेमीठ टाकायचे, ते पण ह्याच तत्त्वावर, मीठ मिसळलं की बर्फ शून्याच्या बराच खाली वितळायला लागतो आणि आतलं दूध गोठतं. आता गणित बघा. ४० टक्के कथील असलेलं मिश्रण १८३ च्या जरा वर ठेवलं तर काही भाग घन असतो ज्यात साधारण १९ टक्के कथील, काही भाग द्रव ज्यात साधारण ६२ टक्के. घन किती द्रव किती? ह्याला लेव्हर रूल म्हणतात आणि सायन्सची मुलं सूत्र पाठ करतात, पण आपण शाळेत साठ रुपयांचा तांदूळ आणि शंभर रुपयांचा तांदूळ मिसळून ऐंशीला विकायची गणितं केलीत ना, तेच आहे! चाळीस हे एकोणीस आणि बासष्टच्या जवळजवळ मध्यावर, म्हणून निम्मं घन निम्मं द्रव. भारित सरासरी, बाकी काही नाही. मी वर्गात हे बोलले तेव्हा मॅडमनी मला फळ्यावर येऊन समजवायला लावलं आणि त्या दिवसापासून हा पेपर मला आपला वाटायला लागला.

ह्याच आठवड्यात आजीशी कल्हईवर बोलणं झालं. ती सांगते पूर्वी कल्हईवाला दारात यायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकून पुसायचा आणि कथलाचा तुकडा फिरवला की आतून चांदीसारखं व्हायचं, नाहीतर पितळेच्या पातेल्यात ताक कढी कळकते. मी तिला सांगितलं की आंबटामुळे पितळेतलं तांबं सुटतं म्हणून कळकते, नवसागर भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो म्हणून कथील चिकटतं, आणि कथील २३२ लाच वितळतं म्हणून साध्या भट्टीवर काम होतं. आजी म्हणाली, म्हणजे तुमच्या कॉलेजात आता कल्हई शिकवतात! खूप आनंदाने म्हणाली.

लॅबबद्दल जितकं लिहीन तितकं कमीच. लोखंडाचा बोटाएवढा तुकडा दिला, तो एमरी पेपरवर घासायचा, आधी खरखरीत मग बारीक मग अजून बारीक, प्रत्येक वेळी नव्वद अंशात फिरवून, आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. मग ओल्या कापडाच्या फिरत्या चाकावर अॅल्युमिनाची पांढरी पावडर टाकून पॉलिश. दीड तास लागला, हात भरून आले, पण शेवटी तो तुकडा आरशासारखा झाला आणि मायक्रोस्कोपखाली धरला तर काहीच दिसेना, नुसता पांढरा! मला वाटलं काहीतरी चुकलं. लॅबमधले काका म्हणाले, बेन, हजी बाकी छे, म्हणजे ताई, अजून बाकी आहे. त्यांनी नायटल लावलं, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडंसं नायट्रिक अॅसिड, काही सेकंद, धुतलं, वाळवलं, परत बघितलं, आणि सगळं उमटलं. शेतांच्या बांधासारख्या रेषा, प्रत्येक शेत म्हणजे एक ग्रेन, आणि काही काळी शेतं ज्यांच्यात जवळ जाऊन बघितलं तर अंगठ्याच्या ठशासारख्या बारीक रेषा, त्याला परलाइट म्हणतात, लोखंड आणि लोखंड-कार्बनचं संयुग एकाआड एक थरांत. पुस्तकात तेच चित्र होतं, मी दहा वेळा बघितलं होतं, पण स्वतः घासून काढलेल्या तुकड्यात ते दिसलं तेव्हा मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नाही, मागे लाइन लागली होती तरी.

दुसरं प्रॅक्टिकल घरी पण करता येतं, करून बघा, पण मोठं कोणीतरी बरोबर असू द्या. साध्या काळ्या हेअरपिना तीन घ्या. तिन्ही सांडशीत धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा. पहिली ज्योतीवरून हळूहळू वर नेत सावकाश गार होऊ द्या, ती तारेसारखी वाकते. दुसरी लाल असतानाच थंड पाण्यात बुडवा, ती वाकवायला गेलं की काडीसारखी मोडते. तिसरी पण पाण्यात बुडवा, मग घासून चकचकीत करा आणि ज्योतीच्या वर लांब धरून निळसर रंग येईपर्यंत हलकीशी तापवा, ती परत स्प्रिंगसारखी होते. एकच पिन, एकच पोलाद, वस्तू मात्र तीन. कारण लाल असताना लोखंडाची रचना बदललेली असते आणि तिच्यात कार्बन मावतो, झटकन गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि सगळी रचना ताणलेली राहते, म्हणून कडक पण ठिसूळ. आपल्याकडे हत्याराला पाणी पाजणं म्हणतात ते हेच, हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि अर्थ एकविसाव्या वर्षी कळला.

अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट मॅडमनी करायला सांगितली, ती चुकवू नका. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये अकोट्याच्या जैन ब्राँझ मूर्ती आहेत, १९५१ मध्ये आपल्याच बडोद्याच्या अकोट्यात सापडलेल्या, सहाव्या ते बाराव्या शतकातल्या. शाळेच्या सहलीत मी त्यांच्यासमोरून देवमाशाच्या सांगाड्याकडे पळत गेलेली. या वेळी तासभर उभी राहिले. मेणाची मूर्ती करायची, मातीने लिंपायची, तापवून मेण काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. तांबं एकटं १०८५ डिग्रीला वितळतं, कथील घातलं की ते खाली येतं आणि रस बोटांच्या टोकापर्यंत भरतो. त्या काळी थर्मामीटर नव्हता, फेज डायग्रॅम नव्हता, रसाचा रंग बघून ओळखायचे. ते ओतणारे हात कोणाचे असतील याचा विचार करून माझे डोळे भरून आले.

आता तक्रारी. वेळापत्रकात लॅबच्या आठ फेऱ्या होत्या, प्रत्यक्षात चार झाल्या. कधी मशीन बंद, कधी इंजिनियरिंगवाल्यांची परीक्षा म्हणून लॅब त्यांना. बाहेरच्या शाखेच्या मुलांना शेवटचा नंबर मिळतो हे बरोबर नाही, क्रेडिट आमचे पण तेवढेच आहेत. सुरुवातीला सांगितलं होतं की कॉमर्स आर्ट्सवाल्यांसाठी केमिस्ट्रीचे वेगळे चार तास होतील, एकही झाला नाही. बाँडिंग, म्हणजे अणू एकमेकांना कसे धरून राहतात ते, मी भावाच्या अकरावीच्या पुस्तकातून केलं.

पॉलिमर, म्हणजे प्लास्टिक वगैरे, शेवटच्या आठवड्यात दोन तासांत गुंडाळलं. बडोद्यात हे करणं मला फारच खटकलं. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून इथे आहे, सगळा पट्टा पेट्रोकेमिकलचा, अर्ध्या मुलांचे बाबा काका तिथे काम करतात, आणि बाटलीच्या बुडाला त्रिकोणात १ असेल तर पेट, २ असेल तर एचडीपीई, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन एवढंसुद्धा वर्गात सांगितलं नाही. कॉम्पोझिट, म्हणजे वेगवेगळे पदार्थ एकत्र करून केलेला पदार्थ, तर फक्त व्याख्येपुरतं. उत्तरायणाच्या आधी रस्त्यारस्त्यावर पतंगाच्या दोरीला गुलाबी लुगदी लावतात, सुती दोरा ताण घेतो, काचेची पूड कापते, खळ दोघांना धरून ठेवते, याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? ते मी परीक्षेत लिहिलं.

परीक्षा हीच सगळ्यात मोठी निराशा. सेमभर का, कसं असं शिकवलं आणि पेपरमध्ये व्याख्या लिहा, फरक सांगा, आणि डिफ्युजनचं, म्हणजे एका पदार्थाचे अणू दुसऱ्यात कसे शिरतात त्याचं, एक गणित ज्याला एरर फंक्शनचा तक्ता लागतो आणि तो तक्ता दिलेलाच नाही. प्रॅक्टिकलमध्ये काय बघितलं यावर एक प्रश्न नाही. मला बरे मार्क मिळाले पण माझ्याबरोबरच्या होमसायन्सच्या मुलीला, जिचा पॉलिश केलेला तुकडा आख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात सुंदर होता, तिला कमी पडले, ते मला अजून लागतंय.

शिकवण्याच्या भाषेबद्दल मात्र पूर्ण मार्क. स्लाइड इंग्लिश, पण मॅडम गुजराती हिंदी मिसळून बोलतात आणि मराठी मुलांना मराठीतून पण एखादा शब्द देतात. मी रोज कलाभवनासमोरून, म्हणजे इथल्या जुन्या तंत्रशाळेसमोरून, जाते, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं तेव्हा हुन्नर लोकांना त्यांच्या भाषेत शिकता यावा हाच आग्रह होता. आमच्या वर्गात तो थोडासा तरी टिकलाय याचं बरं वाटतं.

पाचपैकी साडेतीन देते. लॅबच्या आठही फेऱ्या झाल्या असत्या तर साडेचार दिले असते.

घेणारच असाल तर फॉर्म भरताना सकाळची लॅब बॅच मागा, दुपारनंतर पॉलिशिंगच्या चाकावर गर्दी असते. पुढून बंद असलेले बूट घाला, ओढणी बांधून ठेवा, साधा सायंटिफिक कॅलक्युलेटर चालतो. आणि तुमचा तो घासलेला तुकडा सेम संपल्यावर काकांकडे मागून घ्या, ते देतात. माझा कपाटात कापसात गुंडाळून ठेवलाय, पावसाळ्यात गंजू नये म्हणून वर थोडं शिवणमशीनचं तेल लावून.