रामबागेजवळचं स्पेअरचं दुकान आणि चार ग्लो प्लग
आमची 2006 ची डिझेल गाडी जानेवारीत सकाळी नुसती पांढरा धूर ओकायची. मल्टीमीटर लावला तर चारपैकी दोन ग्लो प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आतून तापणारे) मेलेले. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, इथे काटाच हलेना. घरापासून, म्हणजे रामबागेतून, पायी दहा मिनिटांवर हे दुकान. शेठनं जुना प्लग उजेडात धरून आधी त्यावरचं व्होल्टेज वाचलं, मगच डबा उघडला. वर बजावलं, "भिया, इंजिन कोमट असतानाच प्लग खोला, नाहीतर इंजिनाच्या हेडमध्येच तुटेल." (मागच्या खेपेला आमच्या मेहुण्यांनी थंड इंजिनवरच खोलून तो तोडला होता.) बिल मात्र मागून घ्यावं लागतं, आणि बिननावाचा स्वस्त माल आधी पुढे सरकवतात. चारही प्लग बदलले. आता अर्ध्या सेल्फला उठते.