मोठ्यांचे डायपर: वृद्धाश्रमातल्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

वेंगुर्ल्याजवळ एका छोट्या वृद्धाश्रमात मी आजी-आजोबांचं बघते. चौदा जण आहेत, त्यातल्या सहा जणांचा लघवीवर ताबा राहत नाही. गेल्या मेपर्यंत सगळ्यांसाठी एकच माल यायचा: पट्टीवाले डायपर, एल साइज. गादी भिजू नये म्हणून मोठं माप, तरीही भिजली तर एकावर एक दोन बांधायचे. पावसाळा तोंडावर आला, आदल्या वर्षीच्या न वाळलेल्या चादरींचा कुबट वास आठवला, आणि मी शिंप्याची टेप घेऊन बसले.

सहापैकी चौघांना एम लागत होता! कमरेचं माप घ्यायचं, नितंबांचं घ्यायचं, आणि त्यातलं मोठं पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवायचं. हा तक्ता कंपनीगणिक बदलतो, म्हणून मी इथे एकाही कंपनीचं नाव देत नाही. मांडीपाशी फट राहिली की डायपर कितीही शोषणारा असो, लघवी बाजूने जाते. दोन बांधण्याचाही उपयोग नव्हता. आतल्या डायपरच्या बाहेरच्या अंगाला न झिरपणारा थर असतो, त्यामुळे ओल दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही, नुसतं उकडतं. रात्री जास्तीचं हवं असेल तर मागे प्लॅस्टिक नसलेलं जोडपॅड आत ठेवावं. ते भरलं की ओल खालच्या डायपरमध्ये उतरते.

सगळ्यात मोठा फरक पडला तो ८१ वर्षांच्या एका आजींना. त्या काठी घेऊन चालतात, फक्त न्हाणीपर्यंत पोचेस्तोवर थोडी सुटते. त्यांना आम्ही पट्टीवाला बांधत होतो, जो त्यांचा त्यांना सोडता येत नव्हता. ‘माका चलाक येता, मगे ह्यां कित्याक बांधतास?’ असं त्या रोज विचारायच्या, आणि आम्ही पडण्याची भीती घालून त्यांना गप्प करायचो. याचं मला अजून वाईट वाटतं. आता त्यांना चड्डीसारखा वर ओढायचा पँट डायपर देतो. सकाळच्या चहानंतर, जेवणाआधी, मग दर दोन-अडीच तासांनी नुसती आठवण करायची. त्या स्वतः जातात, स्वतः बसतात, स्वतः वर ओढून येतात. दिवसाला चार डायपर लागायचे, आता बहुतेक दिवशी दोन. यंदा गणपतीत शेजारच्या वाडीत आरतीला गेल्या आणि पुरते दोन तास बसल्या. गेल्या वर्षी वास येईल या धास्तीने खोलीबाहेरही पडल्या नव्हत्या.

अंथरुणाला खिळलेल्यांना मात्र पँट नको, बदलताना दोन्ही पायांतून काढावी लागते. त्यांना पट्टीवालाच बरा, कुशीवर वळवून बदलता येतो. ओल झाली की रंग बदलणारी रेघ असलेला घ्या. रात्री टॉर्चच्या उजेडात बाहेरूनच कळतं, झोपलेल्या माणसाला उघडं करावं लागत नाही.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर घाम वाळतच नाही, म्हणून बाहेरचं आवरण कापडासारखं, हवा जाऊ देणारं हवं. एका आजोबांच्या जांघा लाल होऊन सोलवटल्या होत्या. टाल्कम पावडर बंद केली. ओलीत तिचे गोळे होतात आणि घासतात. कोमट पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, टिपून कोरडं करायचं, वर झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ. जाड थापलं तर ते डायपरला लागतं आणि शोषण मंदावतं. मलमाचा हात पट्टीला लागला तर पट्टीही चिकटत नाही. शौच झाली असेल तर मात्र वेळ बघायची नाही, लगेच बदलायचं.

भिजायला नको म्हणून आमची माणसं पाणीच टाळायची. त्याने लघवी घट्ट होऊन जळजळते, घाई वाढते, शिवाय मलावरोध होतो आणि साचलेला मळ मूत्राशयावर दाब देतो. दिवसाचं पाणी वाढवलं. एका आजोबांची लघवी होण्याची गोळी संध्याकाळी होती, ती डॉक्टरांना विचारून सकाळी आणली. त्यांचा रात्रीचा एक डायपर तेवढ्यानेच वाचला.

पँट प्रकार नगामागे महाग आहे, पण नगच कमी लागतात, त्यामुळे आमचा महिन्याचा खर्च वाढला नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून क्लिनिकल डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिल तपासून घ्या.

अडलंय ते कचऱ्यापाशी. पूर्वी परसात जाळायचो, त्याचा धूर थेट पडवीत बसलेल्यांच्या नाकात जायचा. आता कागदात गुंडाळून झाकणाच्या पिंपात वेगळे ठेवतो, पण गाडी आठवड्यातून दोनदाच येते. म्हणून दोघांना दिवसा धुण्याचे कापडी पॅड लावून पाहिले होते. जुलैत ते वाळेनात, थांबवले. आता खळ्यात चांगलं ऊन पडतं, सोमवारपासून पुन्हा सुरू केलेत.