आठ तास झोपूनही अंग जड: आधी रक्त तपासायचं की झोप?

रात्री साडेदहाला दिवे बंद, सकाळी साडेसहाला गजर, मध्ये फारशी जागही नाही. तरी उठताना अंग आंबलेलं, डोकं जड, आणि चहाचा दुसरा कप पोटात जाईपर्यंत कुणाशी बोलायची इच्छा नाही. अशा माणसाला तीन सल्ले हमखास मिळतात. 'मोबाइल बाजूला ठेव, वेळेवर झोप.' 'बी-१२ आणि डी तपासून घे.' आणि तिसरा, बहुतेकदा शेजारी झोपणाऱ्याचा, 'एकदा ती घोरण्याची टेस्ट करून घ्या.' तिन्ही कुणा ना कुणासाठी बरोबर आहेत. पण तिघांचा खर्च आणि कटकट सारखी नाही, म्हणून सुरुवात कुठून करायची ते ठरवायला हवं.

उठल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, सुस्ती असणं हे आजाराचं लक्षण नाही. मेंदू टप्प्याटप्प्यानेच जागा होतो. अकरा वाजले तरी ती सुस्ती उतरत नसेल तर पुढे वाचा.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. दुपारी खुर्चीत निवांत बसलात तर डुलकी लागते, की थकल्यासारखं वाटतं पण झोप काही येत नाही? झोपेचे डॉक्टर यासाठी एपवर्थ प्रश्नावली वापरतात. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही बघताना, तासभर गाडीत मागे बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबलेली असताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे. २४ पैकी १० च्या वर गेलात तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे. थकवा किती, हे त्यात विचारलेलंच नाही. डुलकी लागणाऱ्याने झोपेच्या तपासणीकडे आधी वळावं. नुसता गळाठा असेल तर रक्ताकडे. हा नियम काटेकोर नाही, विशेषतः बायकांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा त्रास कित्येकदा घोरण्यापेक्षा थकवा आणि झोपमोड म्हणूनच दिसतो, रजोनिवृत्तीनंतर तर अधिकच. तरी सुरुवातीला हाच प्रश्न सगळ्यात उपयोगी.

सुट्टीत गावी गेलात आणि चार दिवसांत टवटवीत झालात, तर दोन्ही तपासण्या सध्या लांबणीवर टाका. अशा माणसाचं बहुधा वेळापत्रक बिघडलेलं असतं. आठवडाभर सहाला आणि रविवारी दहाला उठणं म्हणजे दर सोमवारी शरीराचं घड्याळ नव्याने लावणं. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं अकराला अंगात असतं. 'एक पेग घेतला की झोप मस्त लागते' हे अर्धं खरं आहे. लागते लवकर, पण उत्तररात्री तुटत राहते आणि घोरणंही वाढतं. सर्दीसाठी रात्री घेतलेल्या सेट्रिझिनची गुंगी काहींना सकाळपर्यंत पुरते. दोन-तीन आठवडे हे सगळं सुधारून बघायला पैसा लागत नाही. फक्त गाडी चालवताना डोळा लागत असेल तर हे प्रयोग करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

रक्ताची बाजू

इथे भारतीय वाचकाने थांबायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. शिवाय हिमोग्लोबिन घसरण्याआधी लोहाचा साठा संपत आलेला असतो. तो दाखवते फेरिटिन ही तपासणी. हिमोग्लोबिन १२.२, रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही, आणि फेरिटिन मात्र ८, असं असू शकतं. अशा बाईला 'रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' सांगून परत पाठवलं जातं. म्हणून सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी) आणि फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि साखर एवढं आधी पुरे. बाकीचं डॉक्टर तुम्हाला तपासून सांगतील.

'ऐंशी तपासण्या एका पॅकेजमध्ये' या जाहिरातींचं मला फारसं कौतुक नाही. एकट्या सीबीसीतूनच वीसेक आकडे निघतात, ते सुटे मोजले की यादी लांब दिसते. पॅकेज घ्यायचंच तर त्यात फेरिटिन आहे का ते बघा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. 'ताकदीचं इंजेक्शन' आधी टोचून घेऊन मग बी-१२ तपासलं तर आकडा भरघोस येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. रक्त आधी, इंजेक्शन नंतर. पूर्ण शाकाहारी असाल, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी रोजची झाली असेल, तर ही तपासणी टाळू नका.

रक्ततपासणी स्वस्त आहे, सोपी आहे, घरी येऊन सँपल नेतात. तिचा धोका वेगळाच: तिच्यात काहीतरी सापडतंच. आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी असणारे ढिगाने आहेत. त्याच्या पुड्या सुरू होतात, कारण मिळाल्याचं समाधान होतं, आणि रात्री श्वास अडकणारा माणूस पुढची काही वर्षं पुड्याच घेत राहतो. म्हणून सापडलेली कमतरता भरून निघाल्यावरही सकाळ तशीच असेल, तर 'आता वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका.

झोपेची बाजू

स्लीप ॲप्नियात झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि पुन्हा झोप लागते. सकाळी यातलं काही आठवत नाही. घड्याळात आठ तास भरतात, पण ती झोप सलग नसते. तासाला असे पाचपेक्षा कमी प्रसंग असतील तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मोठ्याने घोरणं, मध्येच शांतता आणि मग हुंदका दिल्यासारखा श्वास, वाढलेला रक्तदाब, पन्नाशी ओलांडलेली, मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या वर, ही लक्षणं जुळली की रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसू नये.

तपासणी दोन प्रकारे होते. घरच्या किटमध्ये नाकाशी एक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो. स्वस्त, आणि आपल्याच गादीवर. पण त्यात मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे तुम्ही प्रत्यक्ष किती झोपलात हे यंत्राला कळत नाही. तळमळत काढलेले दोन तासही हिशेबात धरले जातात आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. घोरणारा, लठ्ठ, दिवसा पेंगणारा पुरुष असेल तर घरची तपासणी बहुधा पुरते. ती नकारार्थी आली आणि लक्षणं मात्र ठळक आहेत, किंवा आधीच हृदयाचा, फुप्फुसाचा आजार आहे, तर लॅबमध्ये एक रात्र काढावी. तिथे डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना वायरी चिकटवतात आणि तंत्रज्ञ रात्रभर स्क्रीनवर बघत असतो. डोक्याला तेल लावून जाऊ नका, वायरी धरत नाहीत. नेलपॉलिश काढून जा. 'अशात झोप लागेल का?' असं सगळेच विचारतात. बहुतेकांना निदानापुरती लागते.

मनगटावरच्या घड्याळातला 'डीप स्लीप'चा आकडा या दोन्हींच्या जागी चालत नाही. ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं.

दोन्ही बाजूंना पाय असलेला एक आजार म्हणजे संध्याकाळनंतर पायांत होणारी विचित्र वळवळ, जी पाय हलवल्याशिवाय थांबत नाही. हा त्रास झोपेचा, पण बघायचं आधी रक्त: यात फेरिटिन ७५ च्या खाली असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात, मग रिपोर्टवर ते नॉर्मल छापलेलं का असेना. आणि पहाटे तीन-चारला जाग येऊन नको ते विचार सुरू होत असतील, कशातच रस वाटत नसेल, तर नैराश्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ते या दोन्ही तपासण्यांत दिसत नाही.

घोरणंही आहे आणि पाळीत अंगावरून जास्तही जातं, अशांनी क्रम न लावता दोन्ही एकाच वेळी करावं. फॅमिली डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी, एपवर्थचे गुण आणि शेजारी झोपणाऱ्याने मोबाइलवर केलेलं दोन मिनिटांचं घोरण्याचं रेकॉर्डिंग घेऊन जा. पुढे छातीच्या डॉक्टरांकडे जायचं, कान-नाक-घशाच्या, की आधी नुसतं लॅबमध्ये, हे त्यांना तेवढ्यावरून सांगता येतं.